वैलावरची ऊब

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथले रात्रीचे तापमान सरासरी १४ अंशांच्या आसपास उतरते, पण दुपारी स्वेटर काढून हातावर टाकावा लागतो. निपाणी, संकेश्वर, हुक्केरीकडे गेले की दुपार आणखी कोरडी होते. अशा हवेत घर तापवण्यासाठी म्हणून कुणी भिंतीत वेगळा विस्तव बांधला नाही. युरोप-अमेरिकेत सौम्य थंडीच्या मुलखातही जुन्या उघड्या फायरप्लेसच्या पोकळीत काचेच्या दाराची बंदिस्त लोखंडी शेगडी बसवतात. थोड्या लाकडात खोली तापते आणि धूर वर निघून जातो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या घराला अशा सोयीची गरज नव्हती असे वाटेल, पण इथल्या घरांत पहाटेपासून रात्री जेवणे उरकेपर्यंत कुठे ना कुठे विस्तव असायचाच. भाकरी, दूध आणि आंघोळीचे पाणी यांच्या पाठोपाठ ऊब आपोआप मिळायची, म्हणून तिचा वेगळा हिशेब कुणी ठेवला नाही. तो हिशेब मांडायची वेळ आली ती विस्तव घराबाहेर जाऊ लागला तेव्हा.

या भागाची अंगात शिरणारी थंडी खरे तर पौषातली नाही, आषाढातली आहे. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, जांबोटी, मलप्रभेचा उगम असलेले कणकुंबी आणि पलीकडे चंदगड, आंबोली हा सगळा सह्याद्रीच्या माथ्याचा पट्टा. (चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होते. राज्ये बदलली, पाऊस एकच राहिला.) इथे पाऊस लागला की दिवसचे दिवस उघडत नाही. भिंतींना ओल येते, घोंगडी जड होते, धुतलेला कपडा चार दिवस वाळत नाही, बियाण्याला बुरशी धरते. या ओलीशी झुंजायला घरात एकच साधन होते, ते म्हणजे चूल. तिच्यावरच्या माळ्यावर पावसाळ्याचे जळण सुकत असे. वाशांना टांगलेली मक्याची कणसे आणि लसणाच्या जुड्या धुराने राखल्या जात. काजळी बसलेल्या बांबूला आणि वाशांना कीड कमी लागे. धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. पावसाळी पहाटे दुरून पाहिले तर सगळे छप्परच धुमसते आहे असे दिसे.

चूल घरची बाईच घाली. वारुळाची चिकट माती, त्यात भुसा किंवा तूस आणि शेण कालवून, थरावर थर चढवत. मुख्य चुलीला बाजूने एक भोक ठेवून वैल काढलेला असे. पुढच्या तोंडाशी घातलेला जाळ तव्याखालून जाताना जी धग उरते ती या भोकातून वैलाकडे वळते, म्हणून तिथे वेगळे लाकूड घालायचे नाही. त्यावर दूध मंद तापते, आमटी उकळत राहते, डाळ शिजते. मागचा भानवस हा उंचवटाही दिवसभर तापलेला असे आणि उतरवलेली भांडी त्यावर गरम राहत. एकाच जाळाकडून तीन कामे करून घेणारी ही मांडणी कोणत्या एका कारागिराच्या नावावर नाही. ती आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे आली. वैलाचे तोंड किती रुंद ठेवायचे, चुलीचा ओठ किती वर घ्यायचा हे ज्या बाईच्या हाताला कळते, तिची चूल कमी जळणात चालते हे गावात सगळ्यांना माहीत असे.

भाकरी तव्यावरून काढली की चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या आराला लावून फुगवायची. स्वयंपाक संपला तरी आर बराच वेळ तसाच असे. थंडीच्या दिवसांत घरची माणसे जेवायला त्याच खोलीत बसत, म्हातारी माणसे जेवण झाल्यावरही तिथून उठत नसत. मातीची चूल आणि जाड भिंत सावकाश तापते आणि सावकाशच निवते, त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत स्वयंपाकघर बाकीच्या घरापेक्षा उबदार राही. निजण्याआधी निखारे राखेत पुरून ठेवायचे आणि पहाटे राख सारून फुंकणीने जाळ करायचा. विस्तव विझलाच तर शेजारी मागायला जायचे आणि शेणीच्या तुकड्यावर निखारा घेऊन यायचे.

न्हाणीची चूल वेगळी. तिच्यात तांब्याचा हंडा चिणून पक्का बसवलेला असे, भोवती मातीचा किंवा दगडाचा कट्टा. पहाटे तिच्यात पालापाचोळा, काटक्या, चिपाडे, स्वयंपाकाला न चालणारे सगळे जळण जाई. सुखवस्तू घरांत आणि बेळगाव, शहापूर, निपाणीसारख्या पेठांत या चुलीच्या जोडीला बंब आला. मध्ये उभी नळी, तळाशी जाळी, नळीभोवती पाणी. नळीत ढलप्या, शेणीचे तुकडे किंवा कोळसा टाकायचा. काही बंबांत बाजूच्या नरसाळ्यातून थंड पाणी ओतले की ते तळाशी उतरते आणि वर चढलेले कढत पाणी तोटीतून बाहेर येते. जेवढे घ्यायचे तेवढे आधी घालायचे, म्हणजे बंब कधी कोरडा पडत नाही. रशियातला समोवारही असाच मधल्या नळीतल्या विस्तवावर पाणी तापवतो. विस्तव मधोमध कोंडून चारही बाजूंची धग कामाला लावणे हेच बंदिस्त लोखंडी शेगडीचेही मर्म आहे. म्हणून त्या शेगडीचा इथला सर्वांत जवळचा नातलग स्वयंपाकघरात नव्हे, न्हाणीत सापडतो.

बंबाचा आणि हंड्याचा मान वर्षातून एकदा होई. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ही भांडी चिंचेने घासून लखलखीत करायची, काव-चुन्याची बोटे ओढायची, झेंडूची माळ घालायची, पाणी भरून पूजा करायची. शेजारच्या कन्नड घरांत याच संध्याकाळी ‘नीरु तुंबुव हब्ब’, पाणी भरण्याचा सण, साजरा होतो. बेळगावच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत दोन भाषांमध्ये एकच पूजा चाललेली असते. पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी न्हाणीतली चूल अंधारातच पेटे, आणि थंडीची सुरुवात त्या कढत पाण्याने होई.

आंघोळ, स्वयंपाक, धान्याची राखण ही कामे सोडून निव्वळ ऊब देण्यासाठी विस्तव पेटवला जाई तो बाळंतिणीच्या खोलीत. खिडक्या बंद, दाराला पडदा आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, शेपा, लसणाची साले टाकून आईला शेक आणि बाळाला धुरी द्यायची. खोली तापवणे हे स्वतंत्र काम आहे असे मानणारी घरातली ही एकच जागा. तिचा धोकाही तितकाच मोठा. कोंडलेल्या खोलीत निखारे धुमसत राहिले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. फायरप्लेस असो की बंदिस्त शेगडी, तिचे धुराडे या वायूला बाहेरची वाट देते. बाजेखालच्या शेगडीला अशी वाट नव्हती. डोके जड होणे, गुंगी येणे ही त्या खोलीतली लक्षणे बाळंतपणाच्या अशक्तपणावर सहज खपून जाणारी होती.

घराबाहेर थंडी हटवायला शेकोटी होती आणि त्याहून मोठे ठिकाण होते ते गुऱ्हाळ. वेदगंगा-दूधगंगेच्या काठचा, निपाणी ते कागलचा भाग उसाचा. थंडीत गुऱ्हाळे लागली की चुलवाण रात्रंदिवस पेटते. रस पिळून उरलेले चिपाड आवारात वाळवायचे आणि तेच काहिलीखाली घालायचे. उसाचा गूळ उसाच्याच जळणावर तयार होतो, बाहेरून लाकूड आणावे लागत नाही. जाळ घालणाऱ्या गड्याला गुळव्याच्या खुणेवर आच कमी-जास्त करावी लागते, कारण काहिलीतला पाक उतरवायला एका क्षणाचा उशीर झाला तरी गूळ बिघडतो. राखणीला निघालेले शेतकरी, वाटसरू, गाडीवान आपसूक चुलवाणाकडे वळत. पौषातल्या रात्री गावातली सगळ्यांत उबदार जागा तीच असे, आणि तिथली बातमी सकाळी घरोघरी पोहोचलेली असे.

भिंतीतली शेकोटी या मुलखात आणली इंग्रजांनी. जनरल मन्रोच्या फौजेने १८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे किल्ल्याच्या पश्चिमेला छावणी वसली. कॅम्पातली थंड हवा इंग्रजांच्या आवडीची. अशाच हवेसाठी १८२८ नंतर मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या काळात महाबळेश्वर वसले, आणि तिथल्या बंगल्यांत फायरप्लेस व धुराडे हा बांधकामाचा नेहमीचा भाग झाला. ऊब ही स्वतंत्र गरज, आणि तिच्यासाठी दिवाणखान्यात स्वतंत्र विस्तव, ही कल्पना तिथून आली. ती इथल्या वाड्यांत रुजली नाही, आणि मला तरी त्यात शहाणपण दिसते. उघड्या फायरप्लेसमधली बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशात जाते, आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात लोखंडी पत्र्यांची शेगडी केली ती याच नासाडीवर उपाय म्हणून. काउंट रम्फर्डने १७९६ मध्ये शेकोटीचा गळा अरुंद आणि बाजू तिरप्या करून दाखवल्या. आजची काचेच्या दाराची शेगडी म्हणजे त्या दोघांच्या कामाचा पुढचा टप्पा. त्याच काळात खानापूरकडच्या एखाद्या घरात बाईने घातलेला वैल त्याच प्रश्नाला हात घालत होता. फरक इतकाच की तिच्या उत्तरात धुराडे नव्हते.

तो फरक लहान नाही.

त्याकडे येण्याआधी जळणाबद्दल बोलायला हवे, कारण सीमाभागाचे या बाबतीत सरळ दोन भाग पडतात. पश्चिमेला जंगल. ऐन, किंजळ, जांभूळ, नाना, साग. १८७८ च्या वन कायद्याने जंगलाचे राखीव भाग पाडले, कुमरीच्या फिरत्या शेतीवर बंधने आली, आणि काल हक्काने आणलेली मोळी आज चोरीची ठरू लागली. तरी डोक्यावरून मोळ्या येतच राहिल्या. डोंगरातल्या गवळी धनगरांच्या झोपड्यांत विस्तव विझू देत नसत, कारण थंडी, ओल आणि जनावरे या तिन्हींवर तोच इलाज होता. पूर्वेला, निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानात, जंगल नाही. तिथे जळण शेतातून आणि गोठ्यातून येते. तुरीच्या तुराट्या, चिपाड, बांधावरची बाभळ आणि शेणी. उन्हाळ्यात थापलेल्या शेणींचा हुडवा रचून त्यावर पाचटाचे छप्पर घालायचे म्हणजे पावसाळा निभावतो. हुडव्याच्या आकारावरून घरात किती गुरे आहेत हे सांगता येई.

निपाणीची ओळख तंबाखूची, पण त्या तंबाखूला विस्तव लागत नाही. आंध्रात किंवा म्हैसूरकडे हुणसूरला पिकणारा व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या खोल्यांत लाकडाच्या धगीवर पिकवावा लागतो. निपाणीचा विडीचा तंबाखू रानातच उन्हात वाळतो. पीक निघाल्यावर उरलेले बुडखे मात्र वाळवून घरी जळणाला येत. वखारींत तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या हजारो बायकांनी १९८० च्या सुमारास संघटना उभारली. युगांतर या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. या बायका दिवसभर वखारीत तंबाखूची धूळ छातीत घेत आणि संध्याकाळी घरी जाऊन चुलीपुढे बसत. घराच्या उबेची किंमत कोण मोजत होते हे त्यांच्या दिवसाकडे पाहिले की कळते.

ती किंमत डॉक्टरांच्या नजरेत यायलाही वेळ लागला. दिल्लीत हृदयरोगतज्ज्ञ एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात फुप्फुसांच्या विकारातून येणाऱ्या हृदयरोगाचा अभ्यास केला. पाश्चात्य देशांत हा विकार मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा मानला जाई. दिल्लीत तो बायकांमध्येही पुरुषांइतकाच दिसला, आणि चुलीच्या धुराकडे बोट गेले. पुढे संशोधक कर्क स्मिथ यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रे लावून धूर मोजला. ते काम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘घरातले प्रदूषण’ हा जगभरच्या आरोग्यशास्त्राचा विषय बनला. ज्या खोलीत म्हातारी माणसे थंडीत सरकून बसत, तीच घरातली सर्वांत विषारी हवेची खोली होती.

धुराडे लावून पाहण्याचे प्रयत्न याआधीच सुरू झाले होते. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात भरले. त्यानंतर दहा वर्षांनी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि तिथल्या मगनवाडीतून बिनधुराची मगनचूल आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला धुराड्याची चूल तयार केली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी १९७४ मध्ये ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभा केला. त्या गटाची ‘अस्त्र ओले’ (ओले म्हणजे कन्नडमध्ये चूल) तीन भांड्यांची, बंद तोंडाची, जाळीची होती. जुन्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा जेमतेम दहावा-सातवा हिस्सा भांड्यात जातो, या चुलीत त्याहून बराच जास्त जाई. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि देशभर कोट्यवधी चुली बसल्या. पुण्यात आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेनेही धुराड्याच्या चुली घडवल्या, आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या पद्धतीसाठी २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळवला. रानात पाचट पेटवून देणाऱ्या निपाणी-कागलच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हे काम फार मोलाचे होते.

सुधारित चुलींचा सरकारी कार्यक्रम २००२ मध्ये गुंडाळला गेला. बसवलेल्या चुलींपैकी पुष्कळशा तोपर्यंत पडल्या होत्या किंवा मोडून पुन्हा जुन्या घातल्या गेल्या होत्या. धुराड्याचा पाइप फुटला की बदलायला कुणी येत नसे, भोकांचे माप घरच्या भांड्यांना जुळत नसे, जाड लाकूड तोंडात बसत नसे. ही कारणे अहवालांत येतात. पण आणखी एक कारण आहे आणि ते ओल्या मुलखातल्या बायका लगेच सांगतील. बंद चुलीचा जाळ दिसत नाही, तिच्यापुढे हात शेकता येत नाहीत, आराला भाकरी लावता येत नाही, माळ्यावरचे जळण वाळत नाही. अभियंत्यांनी चूल हे स्वयंपाकाचे यंत्र मानले आणि ते उत्तम सुधारले. तिची बाकीची कामे मात्र त्यांच्या मोजमापात आलीच नाहीत. फायरप्लेसमध्ये लोखंडी शेगडी बसवताना उलट घडले: तिथे ऊब हेच एकमेव काम होते, म्हणून काचेचे दार लावून ती ऊब आणि तो जाळ दोन्ही राखता आले.

स्वयंपाकाचा गॅस देशात १९५५ मध्ये मुंबईत आला आणि पुढच्या काही दशकांत बेळगाव, निपाणीच्या मध्यमवर्गीय ओट्यांवर पोहोचला. तोवर मध्ये भुशाची शेगडी, कोळशाची शेगडी, वातीचा आणि हवेचा स्टो असे टप्पे होऊन गेले होते. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खानापूर-चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरही सिलिंडर गेले. बाईच्या छातीतला धूर कमी झाला, ही या काळातली फार मोठी कमाई आहे. त्याचबरोबर आषाढातले स्वयंपाकघर गार आणि ओले झाले. माळ्यावरचे बियाणे आता डब्यात ठेवावे लागते.

चूल मात्र गेलेली नाही, ती परड्यात सरकली आहे. शहरात गच्चीवर सोलर आणि न्हाणीत गीझर आला, पण खेड्यात आंघोळीचे पाणी अजून लाकडावरच तापते. २०११ च्या जनगणनेत घरोघरी स्वयंपाकाचे इंधन विचारले गेले आणि देशातल्या ४९ टक्के कुटुंबांनी लाकूड सांगितले. आंघोळीचे पाणी कशावर तापते, हा प्रश्न त्या यादीत नव्हता. गणित सोपे आहे. पाच माणसांचे घर, माणशी २० लिटर पाणी, ते २० अंशांनी तापवायचे, म्हणजे रोज २,००० किलोकॅलरी. गॅसच्या शेगडीवर त्यातला वाया जाणारा भाग धरला तर रोज साधारण ३०० ग्रॅम गॅस लागेल. १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या आंघोळीवर दीड महिन्यात संपेल आणि वर्षाला आठ सिलिंडर त्यातच जातील. हा खर्च परवडत नाही, म्हणून धुराड्याविना पेटणारी न्हाणीची चूल अजून चालू आहे, आणि तिचे जळण आणण्याचे काम अजून बायकांकडेच आहे.